गाडी विकलीत, पण आरसीवर नाव कुणाचं?

गाडी विकली, पैसे खात्यात आले, चावी दिली, म्हणजे आपला संबंध संपला असं मानणारे लोक सारखे भेटतात. मग कधीतरी मोबाईलवर चलन येतं. फोटोत पाठमोरी गाडी, नंबरप्लेट ठळक, कोपऱ्यात तारीख-वेळ. चालवणाऱ्याचा चेहरा कुठेच नाही. नंबरावरून रेकॉर्डला जे नाव निघतं, दंड त्याच्या माथी.

यात पोलिसांना शिव्या घालून उपयोग नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी, तोच मालक (कर्जाच्या किंवा भाडेकराराच्या गाडीत, जिच्या ताब्यात गाडी ती व्यक्ती). दंडाचं सोडा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे विकली जात राहिली, नोंदणीवर नाव मात्र पहिल्याचंच होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या पहिल्यावरच आली.

खरी गोम आहे ती कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देण्याच्या सवयीत. "एजंट बघतो सगळं." एजंट कशाला घाई करेल? पुढचं गिऱ्हाईक मिळालं की थेट त्याच्या नावावर गाडी चढवायची असते. तोवर ती रस्त्यावर धावते तुमच्या नावाने. कलम ५० प्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं हे विकणाऱ्याचं काम आहे, त्यासाठी फॉर्म २९ आहे. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरला गाडी दिली तर फॉर्म २९सी भरून ती त्याच्या जबाबदारीत जाते. पण डीलर अधिकृत आहे का, हे विचारतं कोण?

गाडी आपलीच, चालवत होता मेहुणा, तर? माझं मत स्पष्ट आहे. पार्किंगचा दंड मालकाला लावणं योग्यच, कारण रिकाम्या गाडीत विचारायचं कुणाला? टोइंगचा खर्चही कलम १२७ मालकावरच टाकतं. सिग्नल तोडणं मात्र चालवणाऱ्याचं कृत्य आहे, शिक्षा त्यालाच हवी. कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारल्यावर चालक कोण होता ते मालकाने सांगायचं असतं. मग चलनाच्या मेसेजमध्येच चालकाचं नाव आणि लायसन्स नंबर भरायची सोय ठळकपणे द्या ना! तशी सोय समोर नसली की लोक कटकट नको म्हणून दंड भरून टाकतात आणि बेफाम चालवणारा मोकळा सुटतो.

अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्यांबाबत मात्र मला अजिबात दयामाया नाही. कलम १९९अ मध्ये पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ते कमी करू नये.

तुमची एखादी जुनी गाडी विकून झाली असेल, तर आज परिवहनच्या साईटवर तिचा नंबर टाकून मालकाचं नाव बघा. अजून तुमचंच वाटत असेल तर फॉर्म २९ स्वतः भरा, पोच घ्या, आणि नाव बदलेपर्यंत घेणाऱ्याचा पिच्छा सोडू नका.