पर्यावरणाचा सेट

पर्यावरण वाचवायला ३४० रुपये लागतात. पिशवीचे वेगळे. हा दर गोव्यातल्या फोंड्याच्या वरच्या बाजारातला, चार जूनच्या संध्याकाळचा. पाच जूनला दुपारनंतर तो उतरत असेलही, पण तोवर पर्यावरण वाचवून झालेलं असतं.

कन्या तिसरीत आहे. उद्या पर्यावरण दिन, 'मुले पर्यावरणासाठी काय करू शकतात' या विषयावर प्रकल्प आणावा, मांडणी आकर्षक असावी, असा शाळेचा निरोप आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आला. शाळेचे निरोप दुकानं बंद व्हायच्या बेतालाच येतात. बायकोची ड्युटी होती, त्यामुळे आकर्षक मांडणी माझ्याकडे आली. बाहेर पहिला धो धो पाऊस, आणि स्टेशनरीच्या दुकानात पालकांची ही रांग.

"पर्यावरण ना?" दुकानदाराने विचारलं. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"हो. तुम्हांला कसं कळलं?"

"चार तारीख, भाऊ. आज सगळे पर्यावरणवाले. पंधरवड्याने योगावाले येतात. पृथ्वी कुठली देऊ? रडणारी की हसणारी?"

मी कन्येकडे पाहिलं. "रडणारी," ती म्हणाली. तिचं आधीच ठरलेलं होतं.

"रडणारी सकाळीच संपली गो बाये. एका शाळेने एकदम चाळीस नेल्या. हसणारी न्या आणि घरी मार्करने दोन थेंब काढा, झाली रडणारी."

"तोंड हसरं आणि डोळ्यांत पाणी कसं चालेल?" मी म्हटलं.

"आनंदाश्रू," दुकानदार म्हणाला आणि पुढच्या मुद्द्यावर गेला. "झाडं किती?"

झाडं म्हणजे बोटाएवढी, हिरव्या प्लास्टिकची, खाली गोल बैठक असलेली. ती डझनावर मिळतात. मी चार मागितली. सुटी दिली तर परवडत नाहीत, असं तो म्हणाला. बारा झाडांचं मी काय करू, असं विचारल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की रांगेतल्या सगळ्यांना माझी वृक्षांविषयीची भूमिका कळावी.

"उभी पाहिजेत की तोडलेली?"

"म्हणजे?"

"तोडलेली वेगळी येतात. नुसते बुंधे. 'पूर्वी' आणि 'आता' असं दाखवायचं असेल तर मिक्स पाकीट घ्या. सहा उभी, सहा तोडलेली."

मिक्स पाकीट घेतलं. विषय मुलांनी काय करावं हा असल्यामुळे तोडलेल्या झाडांचं पुढे काय करायचं, हे त्या क्षणी मला सुचलं नाही, पण दुकानदाराच्या आवाजात अनुभव होता. मग मी थर्माकोलचं एक शीट मागितलं. रांगेत कुजबूज झाली. दुकानदाराने दोन्ही हात काउंटरवर टेकले.

"थर्माकोल बंद झालं, भाऊ. सजावटीचं थर्माकोल, प्लास्टिकच्या स्ट्रॉ, फुग्याच्या काड्या, सगळं बंद. एक जुलै २०२२ पासून. पेपर वाचत नाही काय? मी ठेवतच नाही. उद्या आपल्याच पोरांच्या पोटात जातं ते." इथे एका आजोबांनी मान हलवली. "हे घ्या. फोम शीट. चमचमवालं."

"हे कशाचं असतं?"

"फोमचं."

"आणि फोम कशाचा?"

"भाऊ, मागे रांग आहे."

तर असं ते हिरवं चमचमतं फोम शीट, बारा झाडं, हसणारी पृथ्वी, 'पाणी वाचवा' अशी कापलेली चिकट अक्षरं आणि चकाकी भरलेल्या गोंदाची एक नळी, असा ३४० रुपयांचा सेट काउंटरवर जमला. दुकानदाराने पिशवी काढली. त्याबरोबर कन्येचा आवाज आला, आणि तिचा आवाज बारीक नाही.

"काका, आम्हांला प्लास्टिकची पिशवी नको!"

अख्खं दुकान विरघळलं. आजोबा म्हणाले, "वा गो वा." एका बाईंनी तिच्या गालाला हात लावला. दुकानदाराने पिशवी परत ठेवली आणि रांगेला उद्देशून भाषण केलं. ही पोरंच आता देश वाचवतील. आमच्या आणि यांच्या (म्हणजे माझ्या) पिढीने सगळं घाण करून ठेवलं. लाज वाटायला पाहिजे. तो माझ्याहून वीस वर्षांनी तरी मोठा असेल. त्याच्या मागच्या भिंतीवर प्लास्टिकची झाडं डझनाने लटकत होती. पण लाज वाटून घ्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण हातात सामान होतं आणि पिशवी नव्हती.

"आमचा बाबा तोंड धुताना नळ पण चालू ठेवतो," कन्येने माहिती दिली. कुणी विचारलं नव्हतं.

"अरे देवा," दुकानदार म्हणाला.

"आमच्याकडेही तेच," गालाला हात लावणाऱ्या बाई म्हणाल्या. "सगळे पुरुष तसलेच."

मग दुकानदाराने माझ्यावर दया केली. कापडी पिशवी होती, पंचवीस रुपये. पिशवी हिरवी, तिच्यावर छापलेलं होतं 'प्लास्टिक हटवा', आणि ती पातळ प्लास्टिकच्या वेष्टनात होती. आतली पिशवीही कापडाची नव्हतीच. ही जी न विणलेली, कापडासारखी दिसणारी पिशवी सगळीकडे मिळते ती पॉलिप्रॉपिलिनची असते, म्हणजे प्लास्टिकचीच. ती फाटायला लागली की तिचे तंतू सुटतात. दुकानदाराच्या जाड प्लास्टिकच्या पिशवीला निदान कायद्याचा आधार होता; पिशवी निदान १२० मायक्रॉन जाड हवी, हा नियम २०२२च्या डिसेंबरअखेर लागू झाला. हे सगळं मी त्याला सांगू शकलो असतो. पण आजोबा बघत होते.

आता थोडं त्या नळाविषयी, कारण माझी बदनामी एका बाजूने झाली आहे.

शाळेने मुलांना एक वही दिली आहे. घरातली मोठी माणसं पर्यावरणाला काय काय त्रास देतात ते रोज टिपायचं. चांगल्या कामाला हिरवा तारा, वाईटाला लाल फुली. बायकोच्या नावापुढे तारेच तारे आहेत, कारण ती दिवसभर घरात नसते. घरात नसलेला माणूस पर्यावरणाला फार चांगला. मी घरून काम करतो, त्यामुळे वहीतला सगळा तांबडा रंग माझ्या वाट्याला आला. कन्येने दहा लिटरची बालदी नळाखाली ठेवली आणि घड्याळ लावलं. दीड मिनिटात भरली. म्हणजे नळ सोडून दात घासणारा माणूस दोन-तीन मिनिटांत दीड-दोन बालद्या पाणी घालवतो. आमचं पाणी ओपाच्या जलकेंद्राहून येतं. खांडेपारच्या नदीतून उचलायचं, स्वच्छ करायचं, पंपाने चढवायचं, आणि ते मी न वापरता मोरीत सोडायचं, असा एकूण आरोप. हिशेब चोख आहे, नाही म्हणत नाही. पण आमचा नळ बंद केला तरी गळतो, त्याचं काय? तिने रात्री खाली तपेलं ठेवलं, तर सकाळी ते भरून वाहत होतं. त्याचा वॉशर दहा-वीस रुपयांचा. तो बदलायला फोंड्यात प्लंबर मिळत नाही. प्लंबर वॉशरसाठी येत नाहीत, आख्खी बाथरूम नवीन करायची असेल तर येतात. फोनवर "उद्या" म्हणतात, आणि त्या उद्याला पाच जूनसारखी ठरलेली तारीख नसते. वहीत प्लंबरला रकाना नाही. म्हणून ती फुलीही माझीच.

दुधाच्या पिशवीवरून दोन फुल्या. पिशवीचा कोपरा कापून वेगळा करायचा नाही, लटकता ठेवायचा, असा तिचा दंडक आहे. तो नखाएवढा तुकडा वेगळा झाला की कचरा गोळा करणाऱ्याच्या हाताला लागत नाही. गटारात जातो, गटारातून व्हाळात, व्हाळातून थेट झुवारी नदीत. पिशवीलाच चिकटलेला राहिला तर धुऊन सुक्या कचऱ्यात जातो आणि त्याचं पुढे काहीतरी होतं. वहीतला सगळ्यांत शहाणा नियम हाच आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. कात्री अर्ध्यावर थांबवायची, एवढंच. दुकानात याचा सेट मिळत नाही. म्हणूनच बहुतेक तो प्रकल्पात धरत नाहीत.

रिकाम्या खोलीतल्या पंख्याचं मी तिला नीट समजावून सांगितलं. साधा जुना पंखा ७५ वॅटचा. दहा तास उगाच फिरला तर पाऊण युनिट. गोव्याचं स्वतःचं मोठं वीजकेंद्र नाही. आपली बरीच वीज छत्तीसगडातल्या कोरब्याहून, मध्य प्रदेशातल्या विंध्याचलहून येते, आणि ती केंद्रं कोळशावर चालतात. म्हणजे इथे पंखा फिरतो आणि कोळसा कोरब्याला जळतो. वर, जास्त वीज आणायची म्हणून मोलेच्या जंगलातून मोठी वाहिनी काढायचं ठरलं, शिवाय रेल्वेचा दुसरा मार्ग आणि महामार्गाचं रुंदीकरण. त्यावरून २०२० साली कोविड असूनही माणसं रस्त्यावर आली होती. कॉलेजची पोरं चित्रं काढत होती, गाणी रचत होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं: 'बाबाला माहीत आहे तरी पंखा बंद करत नाही.' पुढे फुली.

पर्यावरण सगळ्या शाळांत शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितलं, पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर. त्यात बुंध्यांच्या मिक्स पाकिटाविषयी काही नव्हतं. पाच जून ही तारीख स्टॉकहोमची. १९७२ साली तिथे संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद भरली. स्वीडनमध्ये जूनमध्ये लख्ख ऊन असतं, रात्रीही उजेड असतो. आमच्याकडे त्या दिवशी साडेतीनशे पोरं प्लास्टिकचे रेनकोट घालून 'झाडे लावा' म्हणत चिखलातून फिरतात.

आमच्या घरावरून शाळेकडे जाताना वळणावर एक टेकडी आहे. होती म्हणू या. निम्मी कापून झाली आहे, आणि पहिल्या पावसात तिची तांबडी माती रस्त्यावर उतरते, स्कूटर घसरतात. डोंगर कापायचा किंवा सखल जमीन बुजवायची तर नगरनियोजन कायद्याच्या कलम १७अ प्रमाणे परवानगी लागते. इथे ती आहे की नाही, असं जेसीबीवाल्याला विचारलं तर त्याने साहेबाला फोन लावा म्हणून सांगितलं आणि साहेबाचा नंबर दिला नाही. मी कन्येला म्हटलं, हे लिही वहीत. ही फुली मोठी काढ, हवं तर दोन पानांवर काढ.

"घरातल्यांचंच लिहायचं आहे, बाबा," ती म्हणाली. "टेकडी आपल्या घरात कुठे आहे?"

हे मला अजून पचत नाही. आठ वर्षांच्या पोरीला पाळत ठेवायला दिली ती नेमकी अशा माणसावर, की ज्याच्याकडे एक नळ, एक पंखा आणि अर्धा लिटर दूध आहे. ज्याच्याकडे जेसीबी आहे त्याच्या घरच्या पोरालाही वही मिळाली असेलच. तो काय लिहीत असेल? 'पप्पा ब्रश करताना नळ बंद करतात.' हिरवा तारा.

आणि खरं सांगायचं तर प्रकल्प घरी तयार होता. मे महिन्यात फणस कापला तेव्हा तिने दोन बिया बाजूला काढल्या. माझी आई ओरडली, कारण बियांची भाजी व्हायची होती आणि मोजून बिया ठेवलेल्या होत्या. फणसाची बी सुकली की रुजत नाही, ताजी असतानाच मातीत गेली पाहिजे. हे ज्ञान आजीचंच, आणि तेच नातीने तिच्यावर उलटवलं. करवंटीला भोक पाडून तिने माती भरली, वर चहाचा चोथा घातला. एक बी वर आली. चांगलं वीतभर रोप, चार पानं. मी म्हटलं, हेच ने की शाळेत. फुकट आहे, जिवंत आहे, विषयही तोच आहे.

"टीचर म्हणाल्या, मातीचं काही आणू नका. हॉल खराब होतो."

तेव्हा पृथ्वीच. रात्री बसून मी फोम शीटवर सहा झाडं उभी केली आणि सहा तोडलेली चिकटवली. मधे हसणारी पृथ्वी, तिच्या डोळ्यांत दोन निळे थेंब. खाली 'पाणी वाचवा'मधला 'वा' एकाच प्रतीत आल्यामुळे 'पाणी चवा' झालं होतं, तिथे मी पेनने काम भागवलं. ती चकाकी आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे, आजही, आमटीत सापडते.

काल वही तपासून आली. प्रकल्पाखाली शेरा आहे: 'मांडणी सुंदर. उभी झाडे थोडी जास्त हवी होती. पालकांनी पर्यावरणाबाबत अधिक जागरूक राहावे.' त्याखाली पालकाची सही हवी होती. केली. सही करताना पंखा चालू होता, तेही टिपून घेण्यात आलं.