गॅप इयर मुलांचं, पण पत्ता बदलायला हवा आईवडिलांचा

राहायला न्यू जर्सीत, मुलीला शिकायचंय कॅलिफोर्नियात. बारावीनंतर गॅप इयर घेऊन, म्हणजे कॉलेज वर्षभर पुढे ढकलून, तिला तिकडे ठेवलं तर इन-स्टेट फी, म्हणजे त्या राज्याच्या रहिवाशांची कमी फी, लागेल का? अमेरिकेतल्या आपल्या मंडळींचा हा नेहमीचा प्रश्न. मोह समजण्यासारखा आहे. यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) 2025 साली दाखल झालेल्या राज्याबाहेरच्या मुलांना नेहमीच्या फीवर वर्षाला 37,602 डॉलर जादा मोजावे लागतात.

माझं उत्तर स्पष्ट आहे: आईवडील जागचे हलणार नसतील तर या भानगडीत पडू नका.

यूसीची 366 दिवस राहण्याची अट त्यातल्या त्यात सोपी. मूल 24 वर्षांच्या आतलं, अविवाहित आणि पालक राज्याबाहेर असतील, तर ते स्वतःच्या कमाईवर जगतंय हे कागदोपत्री दाखवावं लागतं. तुम्ही टॅक्स रिटर्नमध्ये त्याला डिपेंडंट (तुमच्यावर अवलंबून) दाखवलं किंवा त्याचं घरभाडं भरलंत, की खेळ खलास. अठरा वर्षांच्या पोरानं बे एरियातलं (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातलं) भाडं स्वतः कमावून भरायचं, कल्पना करा! लायसन्स आणि गाडीची नोंदणी तिकडे गेल्या गेल्या बदलायची असते, कारण कॅलिफोर्नियातच राहायचा इरादा आहे हेही वर्षभर आधीपासून दिसायला लागतं. आणि मध्येच तीन महिने आजीकडे पुण्याला गेलं, तर तेही विचारलं जातं.

एच-4 वरच्या, म्हणजे आईवडिलांच्या एच-1बी वर्क व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावरच्या मुलांचं तर आणखी अवघड. यूसीत एच-4 वर रहिवासी ठरता येतं, पण या मुलांना पगारी काम करायची परवानगीच नाही. मग स्वतःची कमाई आणणार कुठून? शिवाय एकविसाव्या वाढदिवसाला एच-4 संपतो. एक वर्ष उशिरा सुरुवात, म्हणजे एफ-1 वर (विद्यार्थी व्हिसावर) काढायचं एक वर्ष जास्त.

मिझूरी विद्यापीठाची गोष्ट वेगळी. तिथे शिकता शिकताच सलग 12 महिने राहून, राज्यात किमान 2,000 डॉलर करपात्र कमाई करून रहिवासी होता येतं. मूल सिटिझन किंवा ग्रीन कार्डवालं असेल तर जरूर बघा. त्यासाठी गॅप इयर लागतच नाही.

गॅप इयरचा विचार करावा तो घरच बदललं तर. समजा, नोकरीमुळे कुटुंब जानेवारीत डॅलसला आलं आणि मूल ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणार. टेक्सासमध्ये डिपेंडंट मुलाची फी पालकांच्या वास्तव्यावर ठरते. 12 महिने मोजतात ते सेन्सस डेटपर्यंत, म्हणजे फॉल सत्रात (ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या) वर्गाच्या बाराव्या दिवसापर्यंत. इथे मूल डिपेंडंट असणंच फायद्याचं, म्हणून त्याचं नाव रिटर्नमधून काढू नका. पालकांची नोकरी किंवा घराची खरेदी हे पुरावे चालतात, नुसती भाड्याची पावती पुरत नाही.

तरीही आधी बेरीज-वजाबाकी करा. वरच्या उदाहरणात जानेवारीत वर्ष भरतंच. मग फॉलचं एक सत्र बाहेरची फी भरायची आणि स्प्रिंगसाठी (जानेवारीपासूनच्या सत्रासाठी) रहिवासी म्हणून फेरवर्गीकरण मागायचं, हे अख्खं वर्ष घालवण्यापेक्षा बहुधा परवडतं. थांबायचंच ठरलं, तर मिळालेली सीट आणि स्कॉलरशिप पुढच्या वर्षासाठी राखून ठेवतील का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या. सगळी विद्यापीठं ठेवत नाहीत. आणि "वेळ जाईल" म्हणून कम्युनिटी कॉलेजचे भरमसाट क्रेडिट घेऊ नका. काही ठिकाणी तेवढ्यानं मूल फ्रेशमन (पहिल्या वर्षाला नव्याने येणारं) न राहता ट्रान्सफर (दुसऱ्या कॉलेजातून आलेलं) धरलं जातं, आणि फ्रेशमनची स्कॉलरशिप हातची जाते.