खरखरीबद्दल: 'जाणकार श्रोता' यांना उत्तर

'जाणकार श्रोता' यांस,

फारशी कानावर न पडणारी जुनी गाणी मी जुन्या तबकड्यांवरून ध्वनिमुद्रित करून, दशकवार निवडून ऐकवली, त्यावरची आपली प्रतिक्रिया वाचली. खरखर साफ न करता गाणी देणं हा 'श्रोत्यांचा अपमान' आहे, गाण्यांचा क्रम लागत नाही, काहींना गायिकेचं नाव नाही आणि १९७३ नंतर सगळं थांबतं, असं आपलं म्हणणं. शेवटी 'हौशी लोकांनी या भानगडीत पडू नये' हेही. मतभेदाचं मला काही वाटत नाही. पण ज्याला आपण कधी भेटलो नाही, त्याच्याशी ही बोलायची रीत नव्हे.

एका गाण्यावरून दुसऱ्यावर जाताना आवाज वरखाली होतो, हे मान्य. पुढच्या खेपेला सारखा करीन.

आता खरखर. 'शोखियाँ' (१९५१) या चित्रपटातलं, संगीतकार जमाल सेन यांचं, लताबाईंनी गायलेलं 'सपना बन साजन आये' घ्या. पहिल्याच ओळीत दोनदा 'स'. संगणकावर खरखर काढायची म्हणजे गाणं सुरू होण्याआधीच्या रिकाम्या खाचेतला आवाज नमुना म्हणून द्यायचा आणि तो सबंध गाण्यातून वजा करायचा. पण लताबाईंचा 'स', त्यांचा श्वास, वाद्यांची वरची झिलई, हे सगळं त्या खरखरीच्याच थरात मिसळलेलं असतं. ती जोरात खरवडली की हेही जातं. 'स' बोबडा होतो, वाद्यं पाण्याखालून वाजल्यासारखी येतात. मी ते करून ऐकलं आणि फाईल पुसून टाकली. ओरखड्यांचे टकटक आवाज मात्र एकेक शोधून हाताने काढले आहेत. त्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत अवाक्षर नाही.

आणि हौशी म्हणाल तर हो, लहानपणापासून. आमच्याकडे चावीचा ग्रामोफोन होता. एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची, दर बाजूला नवी सुई, आणि ती बदलायचं काम माझ्याकडे. सकाळी साडेसातला रेडिओ सिलोनवर जुन्या चित्रपटांची गाणी लागत, शेवटचं सैगलचं. शॉर्टवेव्हवर आवाज येई-जाई, तरी सैगल संपेपर्यंत आई कुणाला बोलू देत नसे. माझा कान तिथे तयार झाला. आज जुन्या बाजारातून आणलेल्या तबकड्या बहुतेक बुरशी धरलेल्या असतात. त्या लाखेच्या, त्यांना स्पिरिट लावलं की लाखच विरघळते. म्हणून सौम्य साबणाच्या पाण्याने, मऊ ब्रशने, खाचेच्या दिशेने धुवायच्या, लेबल भिजू द्यायचं नाही, सावलीत वाळवायच्या. मग ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या जुन्या तबकड्यांची, जाड सुई लावायची. एलपीची (नंतरच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्यांची) बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखर आणखी वाढवते. एवढं केल्यावर जी उरते, ती खरखर तुम्ही ऐकलीत. एका तबकडीत माझी सबंध संध्याकाळ जाते. तुम्हाला ती प्रतिक्रिया लिहायला किती वेळ लागला?

गायिका मालती पांडे यांच्यापाठोपाठ एकदम संगीतकार सज्जाद हुसेन कसे, असं विचारलंत. 'लाखाची गोष्ट' आणि 'संगदिल' हे त्यांचे चित्रपट, दोन्ही १९५२ चे. एकाच वर्षी मराठीत सुधीर फडके काय करत होते आणि हिंदीत सज्जाद काय करत होते, ते लागोपाठ ऐकावं म्हणून. नावांचं म्हणाल तर तबकडीवर नाव नसेल तिथे मी अंदाजाने लिहीत नाही. 'महल' (१९४९) मधल्या 'आएगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिका म्हणून चित्रपटातल्या पात्राचं, 'कामिनी' हे नाव छापलं होतं, गायलं होतं लताबाईंनी. १९७३ नंतरची गाणी ज्यांना हवीत त्यांनी निवडावीत, मी आवडीने ऐकेन.

यातली एकही फाईल मी बदलणार नाही. तुमच्याकडे एखाद्या गाण्याची याहून चांगली तबकडी असेल तर कळवा. मी स्वतः येऊन तुमच्यासमोर ध्वनिमुद्रित करून घेईन आणि श्रेय तुम्हालाच देईन. नसेल, तर निदान ते अपमानाचं वाक्य मागे घ्या.