याकोब कायझर घरात बसून राहिले नव्हते

हिटलरनेच कामगारांना १ मेची सुट्टी दिली आणि म्हणून जर्मन कामगार संघटना आपणहून त्याच्यामागे गेल्या. हिटलरला ठार मारण्याचा २० जुलै १९४४चा कट हा निव्वळ सेनाधिकारी व सरदार घराण्यांचा मामला होता. आणि जर्मन कामगार नेते याकोब कायझर यांच्यासारखे मॉस्कोधार्जिणे पुढारी बारा वर्षे घरात बसून राहिले व युद्ध संपताच मंत्रिपदासाठी पुढे आले, असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. स्वतः कारखान्यात कामगार प्रतिनिधी असलेल्या माझ्या धाकट्या भावाने तो खरा मानून मला पाठवला, त्यामुळे याचे उत्तर देणे भाग आहे.

सुट्टीची गोष्ट अर्धी खरी आहे. १९३३ साली नाझी सरकारने १ मे हा पगारी सुट्टीचा दिवस ठरवला आणि समाजवादी संघटनांच्या शिखर संस्थेने सभासदांना त्या कार्यक्रमांत भाग घेण्याचे आवाहनही केले. मात्र दुसऱ्याच दिवशी एसए व एसएस या नाझी निमलष्करी दलांच्या टोळ्यांनी त्याच संघटनांची कार्यालये ताब्यात घेतली, नेत्यांना पकडून नेले आणि डुइसबुर्गमध्ये चार कार्यकर्त्यांना ठार मारले. मजकुरात १ तारीख आहे, २ तारीख गाळली आहे.

सर्वांत संतापजनक आरोप घरात बसून राहिल्याचा आहे. १८८८ साली हामेलबुर्गमध्ये जन्मलेले, पुस्तकबांधणीचे काम शिकून ख्रिस्ती कामगार संघटनांचे पदाधिकारी झालेले कायझर १९३३ मध्ये झेंट्रुम या कॅथलिक पक्षाचे खासदार होते, आणि हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याच्या बाजूने त्या पक्षाने मत दिले. तो डाग कायझर यांच्याही नावावर राहतो, हे नाकारता येणार नाही. परंतु पुढचे काय? १९३८ साली गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना अटक करून काही महिने तुरुंगात ठेवले. समाजवादी विल्हेल्म लॉयश्नर आणि राष्ट्रवादी कर्मचारी संघटनेचे माक्स हाबेरमान यांच्याबरोबर, म्हणजे एकेकाळच्या प्रतिस्पर्ध्यांबरोबर, त्यांनी हिटलरनंतर सर्व कामगारांची एकच संघटना उभारण्याचे ठरवले आणि तिघेही कटवाल्यांशी जोडले गेले. नियोजित सरकारात लॉयश्नर उपचान्सेलर, म्हणजे उपपंतप्रधान, होणार होते. मग हा केवळ सरदारांचा मामला कसा? कट फसल्यावर लॉयश्नर यांना २९ सप्टेंबर १९४४ रोजी फाशी दिली गेली. सोबत्यांची नावे तोंडून निघू नयेत म्हणून हाबेरमान यांनी कोठडीत स्वतःचा जीव घेतला. कायझर वाचले ते केवळ बर्लिनजवळच्या बाबेल्सबेर्गमधल्या एका तळघरात युद्ध संपेपर्यंत लपून राहिल्यामुळे. या गटात स्वतः वावरलेल्या आणि पुढे कायझर यांच्या पत्नी झालेल्या एल्फ्रीडे नेब्गेन यांनी १९६७ साली त्यांच्या प्रतिकारकार्यावर पुस्तकच लिहिले आहे. असा मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी निदान ते कोणीतरी उघडायला हवे होते.

मॉस्कोच्या आरोपावर फार शब्द खर्चण्याची गरज नाही. कायझर ख्रिस्ती समाजवादाची भाषा बोलत, एवढेच त्यात तथ्य आहे. युद्धानंतर जर्मनीच्या सोव्हिएत ताब्यातील विभागात ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे नेतृत्व करत असताना कम्युनिस्टांच्या लोकपरिषदेत सामील होण्यास त्यांनी नकार दिला आणि डिसेंबर १९४७ मध्ये सोव्हिएत लष्करी प्रशासनानेच त्यांना पदावरून हटवले. १९४९ ते १९५७ ते पश्चिम जर्मनीच्या राजधानीत, बॉनमध्ये, अखिल-जर्मन व्यवहारांचे मंत्री होते, हे खरे. पण केवळ खुर्चीसाठी आलेल्या माणसाने फ्रान्सच्या नियंत्रणाखालच्या ‘सार’ या सीमाप्रदेशाच्या भवितव्याविषयीच्या करारावरून स्वतःच्याच पक्षाचे चान्सेलर आडेनाउअर यांच्याविरुद्ध भूमिका घेतली नसती.