आधी इतिहास, मग बाकीचं

जर्मनीतल्या रेगन्सबुर्गला मी पुन्हा जाणार नाही. निदान रविवारी नाही, आणि नवऱ्याबरोबर तर नाहीच.

मुलगी म्युनिकला असते. "आई, छोटंसं जुनं गाव आहे, सगळं चालत बघता येतं," असं म्हणून तिनं आम्हाला सकाळच्या आगगाडीत बसवून दिलं. सगळं चालतच बघावं लागतं, हे मात्र ती म्हणाली नव्हती. २००६ पासून हे गाव युनेस्कोच्या यादीत आहे, त्यामुळे पायाखालचे दगडसुद्धा मानाचे. त्या मानकऱ्यांवरून तासभर चालल्यावर माझ्या गुडघ्यांनी तक्रार केली. गुडघ्यांचं मी ऐकत नाही. पण पाठोपाठ दुसरी तक्रार आली, ती ऐकावीच लागते.

रविवार होता. रविवारची विश्रांती जर्मन राज्यघटनेत आहे. १९१९ च्या जुन्या जर्मन घटनेतलं, म्हणजे वायमार घटनेतलं कलम तसंच्या तसं उचलून आताच्या घटनेत ठेवलंय, हे जावयानं मला आदल्या रात्री जेवताना ऐकवलं होतं. म्हणजे दुकानं बंद आणि दुकानांतली स्वच्छतागृहंही बंद. कॅथेड्रलमध्ये प्रार्थना चालू. एका कॅफेत 'फक्त ग्राहकांसाठी' अशी पाटी, म्हणून ग्राहक झाले, कॉफी घेतली, ती प्यायले आणि मग कळलं की दाराबाहेरची रांग कॉफीपेक्षा लांब आहे. आता पोटात कॉफीही होती.

दगडी पुलाच्या टोकाशी एक आजोबा उभे होते. हिरवी टोपी, काठी, बुटक्या पायांचा डॅशहुंड. मी इंग्रजीत सरळ विचारलं, जवळ टॉयलेट कुठे आहे?

आजोबांनी काठी जमिनीत रोवली. "कुठून आलात?"

"पुणे. इंडिया."

"अच्छा. मग सुरुवातीपासून सांगायला हवं."

सुरुवात इसवी सन १७९ ला होती. मार्कस ऑरेलियस सम्राट असताना रोमनांनी डॅन्यूबच्या काठी इथे छावणी बांधली, जवळजवळ सहा हजार सैनिकांची. सहा हजार माणसं म्हटल्यावर मला आशा वाटली. म्हटलं, मग त्यांची काय सोय होती?

"उत्तम प्रश्न!" आजोबा म्हणाले, आणि दरवाज्याकडे वळले. छावणीचा उत्तरेकडचा दरवाजा, पोर्टा प्रेटोरिया, नंतरच्या इमारतीच्या भिंतीत गडप झाला होता, तो १८८५ मध्ये पुन्हा उजेडात आला. "तो बघा आणि पुढे जा."

"पुढे टॉयलेट आहे?"

"पुढे कॅथेड्रल आहे."

इथपर्यंत मी एकटी लढत होते. पण नवरा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, आणि आम्ही उभे होतो पुलाशी. "या पुलाचं काम किती वर्षं चाललं?" त्यानं विचारलं. आजोबांचा चेहरा असा उजळला की मला रडू यायचं बाकी राहिलं.

११३५ ते ११४६. अकरा वर्षं. "बघ," नवरा माझ्याकडे वळून म्हणाला, "आपल्याकडे अकरा वर्षांत भूसंपादनही होत नाही." ११३५ चा उन्हाळा कोरडा गेला, नदीचं पाणी उतरलं, म्हणून खांबांची कामं सुरू करता आली. खांबांभोवती दगडांची बेटं रचली, त्यामुळे वाट अरुंद झाली आणि पाणी कमानींतून जोरात घुसतं. "ऐका," आजोबा म्हणाले.

दोघंही कठड्यावरून वाकून ऐकू लागले. खाली डॅन्यूब खळाळत होती. नुसती खळाळत होती, थांबतच नव्हती.

"अहो, चला ना."

"अगं, थांब जरा, सैतानाची गोष्ट सांगतायत."

पूल लवकर व्हावा म्हणून बांधणाऱ्यानं सैतानाशी करार केला: पुलावरून जाणारे पहिले तीन जीव तुझे. पूल झाल्यावर त्यानं कोंबडा, कोंबडी आणि कुत्रा पुढे सोडले. कुत्र्याचा उल्लेख येताच आजोबांनी प्रेमानं आपल्या डॅशहुंडाकडे पाहिलं. तो तेव्हा जागतिक वारशाच्या एका दगडावर पाय वर करून उभा होता. फुकट.

शेवटी काठीचं टोक एका गल्लीकडे वळलं. तळघरात उतरणाऱ्या पायऱ्या, खाली दोन दारं. पुरुषांचं सताड उघडं. बायकांच्या दारावर नाण्याची खाच, पन्नास सेंट, फक्त पन्नास सेंटचं नाणं. माझ्याकडे नोटा, कार्ड आणि दोन युरोचं नाणं. नवरा आत जाऊन, मोकळा होऊन, रुमालाला हात पुसत बाहेरही आला. "स्वच्छ आहे हं," म्हणाला.

मुंबईत २०११ पासून बायका 'राइट टू पी' म्हणत याच गोष्टीसाठी भांडतायत, की पुरुषांना मुतारी फुकट आणि आम्हाला पैसे का? तेव्हा वाटायचं हे आपलंच दारिद्र्य आहे. नाही. युरोपातही हिशेब तोच, फक्त फरशी चकचकीत. आणि कोणी म्हणू नये की पन्नास सेंटसाठी काय एवढं. मी दोन युरो द्यायला तयार होते. दोनशे दिले असते. पण माणूस नाही, खिडकी नाही, नुसती एक खाच, तिच्याशी वाद तरी काय घालणार? रोमन दरवाजा भिंतीतून सोडवून काढणाऱ्या गावाला बायकांच्या दाराची एक कडी सोडवता येत नाही.

मी पायऱ्या चढून वर आले. आजोबा तिथेच होते. अडचण सांगितली. त्यांनी चामड्याचं पाकीट काढलं, सावकाश उघडलं, एकेक नाणं बोटानं बाजूला सारत पन्नास सेंटचं निवडलं आणि उजेडात धरलं.

"यावर ब्रांडेनबुर्ग गेट आहे," ते म्हणाले. "बर्लिनचं. त्याचं बांधकाम १७८८ मध्ये—"

मी नाणं हिसकावलं आणि पळाले.

परत वर आले तेव्हा नवरा आणि आजोबा बाकावर बसले होते, मध्ये कुत्रा. या गावात पवित्र रोमन साम्राज्याची सभा १६६३ ला भरली ती १८०६ पर्यंत उठलीच नाही, असं चाललं होतं. मी दोन युरोचं नाणं पुढे केलं. आजोबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, म्हणाले, सुटे दीड युरो नाहीत, आणि खिशात टाकलं.