रत्नागिरीत फोटो काढायला येताय? आधी कालनिर्णय बघा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की पुण्या-मुंबईच्या मित्रमंडळींचे मेसेज सुरू होतात. प्रश्न ठरलेला: रत्नागिरीत सनसेटसाठी बेस्ट जागा कुठली?

अहो, पश्चिम किनारा आहे. सूर्य रोज समुद्रातच बुडतो. मांडवीला उभे राहा, भाट्याला राहा नाहीतर गणपतीपुळ्याला, फोटो तोच येणार. खाली काळी पट्टी, मध्ये नारिंगी गोळा, कडेला कुणाची तरी बोटांत सूर्य धरलेली बायको. एवढ्यासाठी सहा-सात तास गाडी हाकत यायची गरज नाही, असं मी तोंडावर सांगते आणि लोकांना राग येतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. माझं मत असं की रत्नागिरी सूर्यास्ताकडे पाठ केल्यावर जास्त चांगली दिसते. आणि "जागा कुठली" यापेक्षा "आज तिथी कुठली" हा प्रश्न फोटोसाठी जास्त कामाचा आहे.

तिथीचं आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपल्याकडे जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण फोटोग्राफरला तेवढं चालतं. आता हेच गणित पौर्णिमा-अमावस्येला लावा, दोन्हींना पंधरा धरून. भरती दुपारी अकरा-बाराच्या सुमाराला, म्हणजे संध्याकाळी ऊन उतरतं तेव्हा ओहोटी. तीही उधाणाची ओहोटी, पाणी लांबवर आत गेलेलं. उलट अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती असते आणि भांगाचं पाणी, ना धड चढत ना धड उतरत. सूर्यास्ताचा हट्टच असेल तर पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासचे तीन-चार दिवस धरून या. ओल्या वाळूचा आरसा मिळतो. अष्टमीला आलात तर वाळूच कमी मिळते, मग आकाशाचेच फोटो काढत बसायचं.

हा आरसा सगळ्यात चांगला मिळतो तो मांडवीला. आणि गंमत म्हणजे बाहेरचे लोक मांडवीला "काळी वाळू, घाण दिसते" म्हणून नाकं मुरडतात. ती घाण नाही, इल्मेनाइट नावाचं खनिज आहे, आपल्या किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी सापडतं. पाणी मागे सरतं तेव्हा जड काळे कण आणि हलके पांढरट कण वेगवेगळे होतात आणि वाळूवर फांद्यांसारखी नक्षी उमटते. मोबाइल खाली वाकवून फक्त ती नक्षी टिपा, क्षितिज फ्रेममध्ये घेऊच नका. एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं वाटतं, त्यामुळे काळी वाळू दिसली की तो फोटो उगाच उजळ करून ठेवतो आणि काळ्याचं राखाडी होतं. एक्स्पोजर थोडं खाली ओढा. मिऱ्याच्या बाजूला 'पांढरा समुद्र' म्हणतात त्या पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्याकडे गेलात तर बरोबर उलटं, तिथे थोडं वर.

डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, मांडवीहून तो उघड्या समुद्रावर उतरतो. एप्रिल-मे येईपर्यंत तो रत्नदुर्गाच्या बाजूला सरकत जातो. मला मे महिन्यातला जास्त आवडतो, निदान फ्रेममध्ये किल्ल्याची कड तरी मिळते.

आता किल्ला. रत्नदुर्गावर संध्याकाळी पाच वाजता जा आणि बघा, सगळी गर्दी दीपगृहाच्या बाजूला पश्चिमेकडे तोंड करून उभी असते. तुम्ही मागे वळा. खाली मिरकरवाडा बंदर आहे, बंधाऱ्याच्या आत शेकडो नौका एकमेकींना खेटून उभ्या, हिरव्या, निळ्या, भगव्या, प्रत्येकीवर निशाणं. आणि ज्या सूर्याकडे बाकी लोक डोळे बारीक करून बघतायत तोच सूर्य तुमच्या पाठीमागून या नौकांवर पडलेला असतो. रंग असे उठतात की एडिटिंग करावं लागत नाही. हा माझ्या मते अख्ख्या रत्नागिरीतला पहिल्या नंबरचा फोटो आहे आणि तो काढणारी माणसं मला तिथे फारशी दिसत नाहीत. पौर्णिमेला गेलात तर सूर्य इकडे बुडत असताना तिकडे शहरामागून चंद्र वर येतो. त्यासाठी ट्रायपॉड न्या.

बंदरात मात्र सकाळी उतरायचं. उजेड चांगला असतो हे एक कारण, पण खरं कारण म्हणजे तेव्हा तिथे काम चालू असतं. नौका लागलेल्या, टोपल्या उतरतायत, बर्फ फुटतोय, लिलाव चाललाय, खलाशी जाळी सारखी करत बसलेत. या खलाशांमध्ये आता नेपाळची पोरं बरीच असतात, ज्यांनी इथे येण्याआधी समुद्र बघितलाही नसेल. डोंगरातल्या पोराचा नौकेवरचा चेहरा हा मला कुठल्याही सनसेटपेक्षा मोठा विषय वाटतो. पण इथे एक नियम पाळा. विचारून काढा आणि वाटेत उभं राहू नका. माणसं रात्रभर जागून आलेली असतात, त्यांचं दमणं हा तुमचा शो नाही. मला एका मासेवालीने पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं, "काय गो, फोटो काढतेस नुसते, मासे कधी घेतलेस काय?" तेव्हापासून मी पिशवी नेते. मासे घेतले की फोटोही मोकळेपणाने मिळतात.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा नौका किनाऱ्याला ओढून शाकारलेल्या असतात आणि बाहेरचे फोटोवाले फिरकतही नाहीत. माझ्यासाठी तो उत्तम काळ. माणसांना बोलायला वेळ असतो, जाळी दुरुस्त करत बसलेले जुने तांडेल, म्हणजे नौकेचे म्होरके, गोष्टी सांगतात. मग नारळी पौर्णिमेला पुन्हा गडबड सुरू.

भाट्ये खाडीपलीकडे आहे. तिथेही मी सकाळचीच शिफारस करीन. किनाऱ्याला लागून सुरूचं बन आहे, सूर्य त्याच्या मागून वर येतो आणि खोडांच्या लांबच लांब सावल्या वाळूवर पडतात. सात-साडेसातपर्यंत हा खेळ चालतो, नंतर संपतो. संध्याकाळी त्याच जागी घोडागाडी, भेळ आणि रील्स.

आरे-वारेबद्दल माझं मत ऐकून मित्र हसतात. सगळे तिथे सूर्यास्ताला जातात, मी म्हणते सकाळी अकराला जा. ती जागा आहे रंगाची. घाटाच्या वळणावरून खाली दोन किनारे दिसतात, मध्ये टेकडीचं नाक, आणि पाण्याचा तो निळा-हिरवा रंग ऊन वर असल्याशिवाय दिसतच नाही. ऊन तिरपं झालं की पाणी नुसतं चकाकतं, रंग मरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, स्वच्छ दिवस, पोलरायझर, म्हणजे पाण्याची चकाकी कापणारा फिल्टर, असेल तर लावा. पावसात पाणी गढूळ असतं, तेव्हा रंगाची अपेक्षा ठेवू नका, लाटांचे फोटो वरूनच काढा. वरूनच, हे पुन्हा सांगते. या पाण्यात माणसं बुडाली आहेत, पोहता येणारीसुद्धा. गुडघाभर पाण्यात उभं राहून स्लो शटर मारायचा मोह मला कळतो, पण पावसाळ्यात आरे-वारेला तो आवरा.

ड्रोनवाल्यांसाठी थोडक्यात: रत्नागिरीच्या विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी साइटवरच्या ड्रोनच्या नकाशावर आपण कुठल्या झोनमध्ये आहोत ते बघा. "सगळेच उडवतात" हे उत्तर पोलिसांना चालत नाही.

मिऱ्या. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज इथल्या किनाऱ्यावर येऊन अडकलं आणि पुढे काही वर्षं तिथेच गंजत राहिलं. रत्नागिरीत तेव्हा असा प्री-वेडिंग अल्बम सापडणं कठीण होतं ज्यात ते जहाज नाही. नवरीचा लाल घागरा, रंगीत धूर, मागे मोडकं जहाज. लोकांना त्यात रोमँटिक काय दिसलं ते मला आजही उमगलेलं नाही. ज्यांच्या घरांच्या दारात लाटा येत होत्या त्यांना तर नक्कीच काही रोमँटिक वाटलं नसणार. आता तिथे टेट्रापॉडचा, म्हणजे चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा, धूप प्रतिबंधक बंधारा आहे. फोटोवाले कुरकुरतात की किनाऱ्याचं सौंदर्य गेलं. गेलं, खरं आहे. पण समुद्र घरात येत असलेल्या माणसाला फ्रेमबद्दल सांगायची माझी हिंमत नाही. आणि टेट्रापॉड तरी काय वाईट विषय आहे? उधाणाच्या दिवशी त्यांच्यावर लाट फुटते तेव्हा लांबून, टेलीलेन्सने काढून बघा.

थिबा पॅलेस आणि थिबा पॉइंट बहुतेकांना माहीत असतात. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला, थिबाला, इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून इथे आणून ठेवलं, हा वाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो राजा इथेच वारला. वाड्याचा दर्शनी फोटो सगळ्यांकडे आहे. त्याऐवजी लाकडी कमानींमधून आत येणारा उजेड बघा. पॉइंटवरून काजळी नदी, भाट्याचा पूल आणि खाडीचं मुख दिसतं. छान आहे, पण माझ्यासाठी ती फोटोपेक्षा गप्पांची जागा.

खरा जीव अडकलाय तो सड्यांवर. जांभ्याचे हे काळे उघडे माळ उन्हाळ्यात बघितले तर तुम्ही गाडीही थांबवणार नाही. पहिल्या पावसानंतर बघा. आधी दीपकाडी येते, पांढरी, नाजूक, कोकणातल्या सड्यांची खास. मग ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं, गेंद, कवळा यांचे जांभळे, पांढरे, पिवळे गालिचे. त्यांच्या मध्ये साचलेल्या पाण्यात आभाळ. इथे फोटो पोटावर झोपूनच निघतो, कपड्यांची काळजी असणाऱ्यांनी येऊ नये. आणि पाय कुठे ठेवतो ते बघून ठेवा. एका फुलाच्या फोटोसाठी दहा तुडवणारे लोक मी बघितले आहेत.

याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत, म्हणजे जमिनीच्या कातळात खोदलेली जुनी चित्रं. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवीहसोळ, बारसू. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून यातली कितीतरी उजेडात आणली. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती जवळजवळ १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या आहेत. हे सगळं दुपारी बारा वाजता बघायला गेलात तर "काही दिसतच नाही" म्हणत परत याल. खोदाई उथळ असते, ऊन डोक्यावर असलं की रेषेत सावली पडत नाही. सूर्योदयानंतरचा पहिला तास किंवा सूर्यास्ताआधीचा शेवटचा, बस. तेव्हा उजेड आडवा येतो आणि रेषा जमिनीतून वर आल्यासारख्या दिसतात.

उजेडाची वाट बघायचा कंटाळा असलेले लोक काय करतात? रेषेत खडू भरतात, रांगोळी टाकतात. हजारो वर्षं टिकलेल्या शिल्पावर! फोटो स्पष्ट यावा म्हणून! यावर माझं मत सौम्य नाही. असा फोटो कुणी पोस्ट केला की मी लाइक करत नाही, खाली कमेंट करते, आणि लोक मला खडूस म्हणतात. म्हणू देत. शिल्पांवर चपला घालून चालू नका, हेही आलंच.

समुद्राचा अगदीच वीट आला तर पानवलला जा. कोकण रेल्वेचा तिथला पूल ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब आहे, खाली दरी, पावसात सगळं हिरवं. गावाच्या बाजूने, खालून बघायचा. रुळांवर चढून फोटो काढणाऱ्यांशी माझी ओळख नाही.

सामानाचं विचाराल तर लेन्स नाही, मऊ फडकं आधी घ्या. खारा वारा काचेवर बसतो आणि घरी येऊन कळतं की सगळे फोटो धुरकट. पावसाळ्यात कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, नाहीतर लेन्सला बुरशी ठरलेली.

कमेंटमध्ये तुमच्या जागा जरूर सांगा, खास करून राजिवडा, पूर्णगड, जयगडकडच्या, तिथे माझं जाणं कमी होतं. फक्त सड्यावरच्या फुलांचं आणि गावखडीकडच्या कासवांच्या घरट्यांचं नेमकं लोकेशन टाकू नका. मी कुणी टाकलेलं दिसलं तर काढून टाकीन, आधीच सांगून ठेवते. आणि दिवाळीत येणाऱ्यांनो, लक्ष्मीपूजन अमावस्येलाच असतं. संध्याकाळची ओहोटी तुम्हाला आयती मिळणार आहे.