बर्फात जलरोधक पँटच हवी, हा आग्रह का टिकत नाही

स्की टूरिंगची (स्की लावून स्वतःच्या पायांनी चढायचे आणि मग घसरत उतरायचे) आणि उंच डोंगरांतल्या भटकंतीची तयारी करणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला फार फिरतो आहे. तो थोडक्यात असा: बर्फात जायचे असेल तर मेंब्रेन (पाणी अडवणारा पातळ पडदा) असलेली, पूर्ण जलरोधक पँटच घ्यावी, लेबलवरचा पाण्याच्या स्तंभाचा आकडा जितका मोठा तितकी ती चांगली, आजची मेंब्रेन घामाची वाफही बाहेर सोडते, त्यामुळे सॉफ्टशेलचे, म्हणजे मऊ, ताणल्या जाणाऱ्या विणीच्या पँटचे, काही काम उरलेले नाही, सॉफ्टशेल वारा अडवत नाही, तिच्यावरचा पाणी झटकणारा लेप लवकर उडतो, आणि घ्यायचीच झाली तर सगळ्या सॉफ्टशेल पँट सारख्याच. या सल्ल्यात एक-दोन गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच तो पटकन पटतो. पण जो माणूस दिवसाचा मोठा भाग स्वतःच्या पायांनी चढ चढण्यात घालवणार आहे, त्याचे यातून नुकसानच होते. चढताना पाय बहुतेक वेळा आतून, घामाने भिजतात, आणि पँट निवडताना आधी त्या ओलीचा विचार व्हायला हवा.

पहिल्यांदा स्तंभाचा आकडा घेऊ. लेबलवर २०,००० मिमी लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ असा की, २० मीटर उंचीच्या पाण्याचा, म्हणजे साधारण २ बार इतका दाब येईपर्यंत ते कापड पाणी आत येऊ देत नाही. अंगावर पडणाऱ्या हिमाचा दाब यापुढे नगण्य आहे. हा आकडा खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो ओल्या हिमात बसताना किंवा गुडघे टेकताना. ७० किलो वजनाच्या माणसाने एका गुडघ्यावर सगळा भार टाकला आणि टेकलेली जागा ६० चौरस सेंटीमीटर धरली, तर दाब १० मीटर स्तंभाच्या थोडा वर जातो. तेवढ्या वेळेपुरती मेंब्रेन सरस आहे, हे मान्य. पण तापमान शून्याच्या बरेच खाली असताना पडणारे कोरडे हिम कापडाला मुळात भिजवतच नाही. ते वितळले तरच पाणी होते, आणि गुळगुळीत, घट्ट विणीच्या सॉफ्टशेलवरून ते वितळण्याआधीच हाताने झटकता येते. अशा दिवशी मोठा आकडा विकत घेऊन हाती काहीच लागत नाही.

दुसरा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच या सल्ल्यात एका वाक्यात उरकलेला असतो: आजची मेंब्रेन वाफ बाहेर सोडते. सोडते, यात शंका नाही. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये ताणलेल्या पीटीएफईचे (टेफ्लॉन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्लास्टिकचे) सूक्ष्म छिद्रांचे रूप शोधले तेव्हापासून या क्षेत्रात झालेली प्रगती नाकारण्याचे कारण नाही. लेबलवर २४ तासांत दर चौरस मीटरमागे २०,००० ग्रॅम वाफ असा आकडा असेल, तर तासाला ८३० ग्रॅमच्या आसपास क्षमता झाली. दोन्ही पाय मिळून शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग होतो, म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाचे सुमारे ०.६५ चौरस मीटर. तेव्हा कागदावर पँटमधून तासाला अर्धा लिटरहून अधिक पाणी वाफ होऊन जायला हवे. जोरदार चढताना संपूर्ण शरीराला तासाला लिटरभर घाम येऊ शकतो, त्यातला पायांचा वाटा धरला तरी हिशेब जुळतो. मग प्रत्यक्षात मांड्या ओल्या का होतात?

कारण हिशेबातला आकडा ज्या परिस्थितीत मोजला जातो ती डोंगरावर नसते. अशा चाचण्यांच्या पद्धती अनेक आहेत, आणि भांडे उलटे ठेवून केलेल्या चाचणीत तेच कापड भांडे सरळ ठेवून केलेल्या चाचणीपेक्षा कितीतरी मोठा आकडा देते. म्हणून चाचणीचे नाव न देता छापलेले आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. वाफेला होणारा विरोध मोजणारी रेट ही चाचणी त्यातल्या त्यात विश्वासार्ह मानली जाते, आणि तिच्यात आकडा जितका लहान तितके कापड चांगले. पण तीही करतात ती तापवलेली प्लेट आणि भोवतीची हवा दोन्ही ३५ अंश सेल्सिअसवर ठेवून. तिथे कापड कधी थंड होतच नाही, आणि त्यामुळे आतल्या बाजूला पाणीही साचत नाही. उणे १० अंशांत चालताना मात्र मेंब्रेनचा थर दवबिंदूच्या, म्हणजे वाफेचे पाणी होऊ लागते त्या तापमानाच्या, खाली गार पडलेला असतो. त्वचेजवळची ऊबदार वाफ त्याच्यापर्यंत पोहोचते आणि पार जाण्याआधीच तिथे पाणी होऊन बसते. सूक्ष्म छिद्रांतून वाफ जाऊ शकते, साचलेले पाणी नाही. तासाभराच्या चढानंतर अशा पँटची मांडीकडची झिप उघडून आत बोट फिरवून पाहावे: अस्तरावर दमटपणा लागतो, आणि गारठा जास्त असेल तर शिवणीलगत बारीक हिमकणांचा पांढरा थर हाताला येतो. उतरणीला सुरुवात होते, स्नायू थंडावतात आणि नेमके तेव्हाच हे पाणी पायांची ऊब ओढू लागते. पाण्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता स्थिर हवेच्या सुमारे २५ पट असते.

मेंब्रेन नसलेल्या सॉफ्टशेलचे काम वेगळ्या रीतीने चालते. नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या दुहेरी विणीत थोडे इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) असते; पाऊल उचलले की कापडातून थोडी हवा आतबाहेर होते आणि वाफ साचण्याआधीच निघून जाते. जी वाफ तरीही पाणी होते ती धाग्यांतून बाहेरच्या बाजूला ओढली जाते आणि तिथून उडते, किंवा बाहेरच गोठते. ही पँट कोरडी ठेवते असा दावा मी करणार नाही. ती लवकर सुकते, आणि दिवसभर चढणाऱ्याला त्याचाच उपयोग अधिक.

वारा अडवत नाही, हा आक्षेप अर्धा खरा आहे. सैल विणीच्या, पातळ सॉफ्टशेलमधून उघड्या धारेवर वारा बोचतोच, आणि कडाक्याच्या थंडीत मांड्यांची पुढची बाजू बधिर होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. त्यावर उपाय म्हणून लोक आतून फ्लीस लावलेली जाड पँट घेतात, आणि माझ्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पायांचे मोठे स्नायू चढताना भरपूर उष्णता निर्माण करतात. तिथे जाड अस्तर म्हणजे अधिक घाम, आणि ते अस्तर चढाच्या मध्येच, बूट आणि हार्नेस न उतरवता, काढून ठेवता येत नाही. मध्यम वजनाची घट्ट वीण, थंडीच्या दिवशी आत पातळ लांब अंतर्वस्त्र, आणि फार वाऱ्याच्या प्रदेशात फक्त मांडी-गुडघ्याच्या पुढच्या बाजूला वारारोधक कापड व मागे ताणले जाणारे साधे कापड अशी मिश्र रचना, एवढ्याने बहुतेकांचे भागते. हातातले कापड कोणत्या जातीचे आहे हे लेबल न वाचताही कळते. ते तोंडाशी घट्ट धरून फुंकर मारावी: हवा अजिबात पलीकडे गेली नाही तर आत मेंब्रेन किंवा हवाबंद लेप आहे, अडखळत गेली तर घट्ट वीण आहे, सहज गेली तर ती पँट उन्हाळी पायपिटीसाठी आहे.

लेप उडतो, हे खरेच; पण तो जलरोधक पँटवरही असतो आणि तिथूनही उडतो. बाहेरचे कापड पाणी पिऊन बसले की मेंब्रेन पाणी आत येऊ देत नाही, मात्र वाफेचा मार्ग जवळजवळ बंद होतो. सध्या हे अधिक जाणवते, कारण जुने लेप ज्यांपासून बनत ती फ्लोरिनयुक्त रसायने कायद्याने मागे पडत आहेत. कॅलिफोर्नियात २०२५ पासून बहुतेक कपड्यांत त्यांवर बंदी आली, आणि युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्यांपैकी एका गटावर निर्बंध आणले. हे योग्यच झाले. नवे लेप पाणी झटकतात, तेल झटकत नाहीत. म्हणून सनस्क्रीन आणि अंगाचे तेल लागलेली पँट वेळेवर धुवावी, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात वापरू नये, आणि लेबलची परवानगी असेल तर मंद उष्णतेवर सुकवावी, म्हणजे लेप पुन्हा जागा होतो.

सगळ्या सॉफ्टशेल सारख्याच, हे म्हणणाऱ्याने पँटच्या पायांचा खालचा घेर नीट पाहिलेला नसतो. स्की टूरिंगचा बूट रुंद आणि कडक असतो. चढताना आणि उतरताना त्याचे बकल आणि चालण्याची कळ बदलावी लागते, म्हणून हा घेर झिपने उघडणारा आणि बुटावरून सहज सरकणारा हवा. तोच रुंद घेर चालण्याच्या बुटावर लोंबतो आणि क्रॅम्पॉनचे (बर्फावर पकडीसाठी बुटाखाली बांधायच्या दातेरी सांगाड्याचे) दात त्यात अडकतात, आणि उतारावर तोल जाण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. दोन्ही कामांना एकच पँट हवी असेल तर घेर बटणांनी आवळता येतो का आणि घोट्याच्या आतल्या बाजूला स्कीची धार सोसणारे जाड ठिगळ आहे का, हे आधी पाहावे. मांडीवर लांब झिप असली तर कापडाच्या कोणत्याही आकड्यापेक्षा तिचा उपयोग अधिक होतो. ट्रान्सीव्हर (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधण्याचे रेडिओ यंत्र) पँटच्या खिशात ठेवण्याची सवय असेल तर खिसा स्वतंत्र, झिपचा आणि आत अडकवण्याची दोरी बांधता येईल असा हवा, आणि मोबाइल त्याच्यापासून किमान २० सेंटीमीटर, शोध चालू असताना ५० सेंटीमीटर दूर.

राहिला तो भाग, जिथे मूळ सल्ला बरोबर आहे. शून्य अंशाच्या आसपासचे ओले हिम, सततचा पाऊस, गुडघ्यांवर बसून तासन्‌तास हिम खणण्याचे काम, आणि स्की लिफ्टने वर जाऊन फक्त उतरण्यातच जाणारा दिवस: इथे सॉफ्टशेल हरते. पण त्यासाठी दिवसभर मेंब्रेन घालून चढण्याची गरज नाही. पिशवीत पातळ जलरोधक ओव्हरपँट ठेवावी, आणि तिला कमरेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंनी पूर्ण झिप असावी. अर्धी झिप असलेली ओव्हरपँट घालायला वादळात, उतारावर उभे राहून, आधी स्की किंवा क्रॅम्पॉन काढावे लागतात.